डोडोशेजारचा ऊस

मॉरिशसचे दहा रुपयांचे नाणे सात कडांचे असते. एका बाजूला देशाचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम आणि दुसऱ्या बाजूला ऊसतोड. आमच्या श्रीपुरात गळीत हंगाम चालू असताना हे नाणे हातात आले की माणूस थोडा वेळ ते खाली ठेवतच नाही. बाहेर रस्त्यावरून उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या कारखान्याकडे चाललेल्या असतात, वाढे रस्त्यावर सांडलेले असते आणि इथे तळहातावर कुणी एक माणूस हजारो मैलांवर तेच काम करताना दिसतो. आपल्याकडे चलनावर ऊसतोड कामगार कधी आल्याचे मला तरी आठवत नाही.

एक रुपयाच्या नाण्यावर त्या देशाचे राजचिन्ह आहे. ते नीट पाहावे. मधोमध ढाल, तिचे चार भाग: जहाज, ताडाची तीन झाडे, किल्ली आणि तारा. खाली लॅटिन बोधवाक्य, ज्याचा अर्थ ‘हिंदी महासागराचा तारा आणि किल्ली’. ढालीच्या एका बाजूला डोडो पक्षी, दुसऱ्या बाजूला सांबर, आणि दोघांजवळही उसाचा एकेक उभा दांडा. हे चिन्ह १९०६ साली इंग्रज राजवटीत मिळाले आणि स्वातंत्र्यानंतरही ठेवले गेले. यातला डोडो खास त्या बेटाचा, जगात दुसरीकडे कुठेच नव्हता, आणि सतराव्या शतकात माणसांनी व त्यांनी आणलेल्या जनावरांनी तो संपवला. सांबर डच लोकांनी १६३९ मध्ये जावाहून आणले. ऊसही त्यांनीच आणला. म्हणजे मूळचा होता तो गेला, आणि बाहेरून आले ते राहिले. मॉरिशसची माणसेही अशीच बाहेरून आलेली. त्या बेटावर मूळ रहिवासी नव्हतेच. फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करमधून गुलाम आणले. इंग्रजांनी बेट घेतले आणि गुलामी बंद करण्याचा कायदा झाल्यावर १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरत तो ‘आप्रवासी घाट’ आज जागतिक वारसास्थळ आहे. सुमारे साडेचार-पाच लाख माणसे तिथून बेटावर गेली. बहुतेक बिहार-उत्तर प्रदेशची, बरीच तमिळ व तेलुगू मुलखातली, आणि मुंबई बंदरातून गेलेली आपली, मुख्यतः रत्नागिरीकडची.

आपल्याकडे मुकादम उचल देऊन टोळी बांधतो. तिकडे पाच वर्षांचा करार आणि समुद्र. उचल फिटली की टोळी गावी परतते, तिकडचे बहुतेक परतले नाहीत. मग प्रश्न असा, की इतक्या ठिकाणांहून आलेल्या, एकमेकांचा सण न कळणाऱ्या माणसांनी एक राज्य चालवायचे कसे? मॉरिशसची राज्यघटना हे त्याचे उत्तर आहे.

१२ मार्च १९६८ ला भर दुपारी पोर्ट लुईच्या शाँ-द-मार्स मैदानावर इंग्रजी झेंडा उतरला आणि चार आडव्या पट्ट्यांचा झेंडा चढला. लाल पट्टा स्वातंत्र्याच्या लढ्याचा, निळा हिंदी महासागराचा, पिवळा स्वातंत्र्याच्या प्रकाशाचा, हिरवा शेतीचा. १२ मार्च हा दांडीयात्रेच्या प्रस्थानाचा दिवस. पुढे १९९२ मध्ये इंग्लंडच्या राणीचे नाव काढून देश प्रजासत्ताक झाला, तोही १२ मार्चलाच. त्याच वेळी त्रोशेशिया बुटोनियाना हे तांबडे घंटीसारखे फूल राष्ट्रीय फूल ठरले. फ्रेंचमध्ये त्याला कानातले डूल म्हणतात. डोडोनंतर बेटाने निवडलेली ही एक गोष्ट मात्र खरोखर तिथलीच आहे.

वरची चौकट आपल्याला ओळखीची वाटेल. राष्ट्रपती नामधारी, त्यांना राष्ट्रीय सभा निवडते. कारभार पंतप्रधानांचा. सभा एकच, आपल्या राज्यसभेसारखे दुसरे सभागृह नाही. सभेची भाषा इंग्रजी, पण सदस्य फ्रेंचमध्येही बोलू शकतो. घरात आणि बाजारात मात्र बहुतेक लोक क्रिओल बोलतात. आणि एक गोष्ट आपल्याला चक्रावून टाकते: स्वतंत्र प्रजासत्ताक असूनही तिथल्या खटल्याचे शेवटचे अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जाते.

खरी गंमत मतदानात आहे. तिथे जरा थांबू.

श्रीपूर आणि महाळुंग मिळून नगरपंचायत झाली, तिची पहिली निवडणूक जानेवारी २०२२ मध्ये पुरी झाली. १७ प्रभाग, प्रत्येकी एक जागा, एक मतदार, एक मत. कोणता प्रभाग कोणासाठी राखीव, हे आधीच ठरलेले असते. आपण न्याय निवडणुकीच्या आधी वाटतो. मॉरिशसमध्ये मतमोजणी झाल्यावर वाटतात.

मुख्य बेटाचे २० मतदारसंघ आहेत. प्रत्येकातून तीन जण निवडायचे. मतदार कागदी मतपत्रिकेवर तीन नावांपुढे फुल्या मारतो, आणि तीनच मारायच्या. दोन मारल्या तरी मत बाद. रॉड्रिग्स बेट हा एकविसावा मतदारसंघ, तिथून दोन जण. असे ६२ सदस्य निवडून येतात. तीन मते देण्याचा परिणाम असा, की पक्ष आपले तीन उमेदवार वेगवेगळ्या समाजांतले उभे करतात, कारण एकाच समाजाची मते धरून तिन्ही जागा निघणे कठीण. पण दुसरा परिणाम असा की लाट आली की सगळे वाहून जाते. १९८२ मध्ये मुख्य बेटाच्या साठही जागा एकाच आघाडीला गेल्या, १९९५ ला पुन्हा तेच, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात पहिल्या पंतप्रधानांचे पुत्र नवीन रामगुलाम यांच्या आघाडीनेही साठच्या साठ जिंकल्या.

मग विरोधी बाकावर कोण बसणार? इथे ‘बेस्ट लूझर’ ही पद्धत येते. हरलेल्यांपैकी सर्वांत चांगले हरलेले, असा त्याचा सरळ अर्थ. ६२ शिवाय जास्तीत जास्त ८ जागा यांच्यासाठी आहेत. पहिल्या चार जागांचा हिशेब समाजावर चालतो. प्रत्येक समाजाची लोकसंख्या घ्यायची, त्या समाजाचे निवडून आलेले सदस्य मोजायचे, त्यात एक मिळवून लोकसंख्येला भागायचे. ज्याचा भागाकार मोठा, त्याला जागा.

समजा एका समाजाची लोकसंख्या १ लाख आणि सदस्य एकच आला. एकात एक मिळवून दोन, भागाकार ५० हजार. दुसऱ्याची लोकसंख्या ५ लाख आणि सदस्य १५. सोळाने भागले की ३१,२५०. पहिली जागा लहान समाजाला. आता त्यांचे दोन सदस्य झाले, तिनाने भागले तर ३३,३३३. अजून जास्तच, म्हणून दुसरी जागाही त्यांनाच. पुढे चाराने भागले की २५ हजार, आता मोठा समाज वर आला, तिसरी जागा त्याला. असे एकेक जागेनंतर गणित नव्याने मांडायचे. जागा मिळते ती त्या समाजाच्या, पक्षाच्या तिकिटावर लढलेल्या आणि आपापल्या मतदारसंघात सर्वांत जास्त टक्के मते घेऊनही पडलेल्या उमेदवाराला. अपक्षाला नाही. उरलेल्या चार जागा देताना पक्षांचे बळही पाहतात, म्हणजे पहिल्या चार जागांनी कुणाचे बहुमत हलू नये. योग्य उमेदवार नसेल तर जागा रिकामी राहते. २०२४ नंतर सभेत मुख्य विरोधी आघाडीचे जे मोजके लोक बसले ते याच दाराने आत आले.

मला ही कल्पना मनापासून आवडते. हरलेल्यांना सन्मानाने आत घेणारी निवडणूक जगात किती ठिकाणी असेल? लहान समाजाला ‘तुम्ही उरलातच कुठे’ असे कुणी म्हणू नये, यासाठी १९६८ च्या लोकांनी घटनेतच सोय केली. पण त्यांनी एक खाच ठेवली, आणि ती आता जखम झाली आहे. हिशेबासाठी उमेदवाराला अर्जात आपला समाज लिहावा लागतो. घटनेत समाज चारच: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशन, आणि या तिघांपैकी ज्याची ‘जीवनपद्धती’ नाही तो सगळा ‘सर्वसाधारण लोक’. आफ्रिकन वंशाचा मच्छीमार आणि फ्रेंच वंशाचा मळेवाला एकाच रकान्यात. आणि लोकसंख्या मोजायची ती १९७२ च्या जनगणनेची! कारण त्यानंतर समाजवार गणनाच बंद केली. आपल्याकडेही १९३१ च्या जातगणनेवर किती वर्षे वाद चालला, त्यामुळे हे दुखणे आपल्याला समजावून सांगायला नको. आम्ही फक्त मॉरिशन आहोत, असे म्हणून रकाना कोरा ठेवणाऱ्यांचे अर्ज बाद झाले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये यावर बोट ठेवले, २०१४ च्या एका निवडणुकीपुरती सूट मिळाली, २०१९ ला पुन्हा सक्ती. माझे मत स्पष्ट आहे: जागा ठेवा, पण माणसाला रकान्यात बसवू नका. पक्षबळावरून हरलेल्यांना आत घेता येते, आणि तिन्ही फुल्यांची सक्ती समाजांना एकत्र आणायचे काम तसेही करते आहे.

यात मराठी माणूस कुठे? मॉरिशसमध्ये मराठी ही शाळेत शिकता येणारी भाषा आहे, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मराठीचा विभाग आहे, गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सार्वजनिक सुट्टी असते आणि गणपतीचे समुद्रात विसर्जन होते. २०२३ मध्ये तिथे शिवछत्रपतींचा पुतळाही उभा राहिला. घरात मात्र नातवंडे क्रिओल बोलतात, आजीच्या ओव्या आणि आरत्या तेवढ्या मराठीत. तमिळ आणि तेलुगू लोकांसारखाच मराठी समाजही स्वतःला वेगळा मोजतो, त्याची मंडळे वेगळी, मंदिरे वेगळी. पण रत्नागिरीहून गेलेल्या ऊसतोड्याचा पणतू उमेदवारी अर्ज भरायला बसतो तेव्हा त्याच्यापुढे चारच शब्द असतात, आणि त्यात ‘मराठी’ नसतो. तो ‘हिंदू’ लिहितो, सही करतो, अर्ज खिडकीतून आत सरकवतो.