न्हाणीघरातील ज्योत आणि तिचे धुराडे

रायपूरचा हिवाळा अल्पकाळाचा असला, तरी डिसेंबर-जानेवारीतील पहाटे थंड पाण्याने स्नान करणे बहुतेकांना नकोसे वाटते. तात्यापारा यांसारख्या जुन्या वस्त्यांतील मराठी घरांत पूर्वी या कामासाठी तांब्याचा बंब असे. बंबाच्या मधोमध एक उभी नळी असते. तिच्यात लाकूड किंवा कोळसा पेटविला की भोवतीचे पाणी तापते आणि धूर नळीच्या वरच्या तोंडातून निघून जातो. बंब परसात किंवा मोकळ्या पडवीत ठेवण्याची रीत होती. धूर डोळ्यांना झोंबत असल्यामुळे त्याची वाट मोकळी ठेवण्याची आठवण कोणाला करून द्यावी लागत नसे.

आज बंबाची जागा अनेक घरांत गॅस गीझरने घेतली आहे. भिंतीवर टांगलेली ही पांढरी पेटी स्वच्छ दिसते. तोटी फिरविताच ज्योत पेटते आणि काही क्षणांत ऊन पाणी येते. परंतु तीही एक चूलच आहे. तिलाही हवा लागते आणि तिच्यातूनही धूर निघतो. फरक एवढाच की हा धूर दिसत नाही आणि झोंबतही नाही. तिचा सर्व धोका या एका फरकात साठलेला आहे.

या उपकरणाचा इतिहासही याच उणिवेपासून सुरू होतो. १८६८ साली लंडनमध्ये बेंजामिन वॅडी मॉन या गृहस्थाने गॅसवर पाणी तापविणारे यंत्र तयार केले व त्याला आइसलंडमधील उष्ण कारंज्यावरून ‘गीझर’ हे नाव दिले. त्या यंत्राला धुराडेच नव्हते. ज्वलनातून निघणारे वायू सरळ स्नानगृहात पसरत. पुढे धुराडे आवश्यक मानले गेले. पण ते जोडण्याचा कंटाळा मात्र अजून सरलेला नाही.

गॅसला पुरेसा प्राणवायू मिळाला, तर त्याचे पूर्ण ज्वलन होऊन कार्बन डाय-ऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते. प्राणवायू अपुरा पडला, की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होऊ लागतो. त्याला रंग, वास किंवा चव नाही. रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी या वायूकडे ओढले जाते. त्यामुळे हवेत त्याचे प्रमाण अल्प असले तरी रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती झपाट्याने घटते. छत्तीसगढच्या खेड्यांत थंडीत गोरसी नावाची मातीची शेगडी पेटवितात. बंद खोलीत अशी शेगडी ठेवून निजणे जिवावर बेतते, तेही याच वायूमुळे.

ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९६ साली कोळशाच्या खाणींतील स्फोटांचा अभ्यास केला. मृतांपैकी बहुतेक जण स्फोटाच्या धक्क्याने नव्हे, तर कार्बन मोनॉक्साइडने मरण पावले होते, असे त्यांना आढळले. त्यांच्याच सूचनेवरून पुढे खाणींत कॅनरी पक्षी नेण्याची प्रथा पडली, कारण विषबाधेची लक्षणे माणसाच्या आधी पक्ष्यात दिसतात. रायपूरकरांना या वायूची ओळख शेजारच्या भिलाईवरून असायला हवी. पोलाद कारखान्यातील झोतभट्टीच्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण मोठे असते. १२ जून २०१४ रोजी भिलाईच्या कारखान्यात पंपगृहातील बिघाडानंतर अशा गॅसची गळती झाली आणि सहा जणांचा बळी गेला. कारखान्यात निदान या वायूची जाणीव असते, तो मोजणारी यंत्रे व श्वसनाची साधनेही असतात. न्हाणीघरात यांपैकी काहीच नसते.

घरगुती गीझर किती हवा खातो, याचा हिशेब साधा आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापविणारा गीझर तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. म्हणजे स्वयंपाकाच्या एका शेगडीच्या पाच-सहा पट. एक किलो गॅसला सुमारे १२ घनमीटर हवा लागते. दीड मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि २·४ मीटर उंच न्हाणीघरात जेमतेम सात घनमीटर हवा असते. दारे-खिडक्या पक्क्या बंद असतील, तर तेथील प्राणवायूचे प्रमाण पाच मिनिटांत २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांच्या आसपास उतरते. मग ज्योतच गुदमरू लागते व विषारी वायू वाढत जातो. मार्च २०२३ मध्ये होळीच्या दिवशी मुंबईत घाटकोपर येथे एका दांपत्याचा न्हाणीघरात मृत्यू झाला, तेव्हा गॅस गीझरवरच संशय व्यक्त झाला होता. रंग धुण्यासारख्या कारणाने स्नान लांबते, तेव्हा धोका त्याच प्रमाणात वाढतो.

‘वास आला नाही, म्हणजे भीती नाही’ ही समजूत म्हणूनच घातक आहे. सिलिंडरमधील गॅसला उग्र वास मुद्दाम दिलेला असतो. त्यामुळे गळती कळते. पण तो गॅस जळताना वास देणारे द्रव्यही जळून जाते. गळतीची सूचना नाक देते, अपुऱ्या ज्वलनाची देत नाही.

यावर उपाय दोन. पहिला उपाय जागेचा. गीझर न्हाणीघराच्या आत बसवूच नये. तो बाहेरच्या मोकळ्या, हवेशीर भिंतीवर बसवावा आणि केवळ ऊन पाण्याची नळी आत आणावी.

दुसरा उपाय धुराड्याचा. ते धातूचे असावे, प्लॅस्टिकच्या नळीचे नसावे. त्याचा व्यास गीझरच्या तोंडापेक्षा कोठेही कमी होऊ नये. गीझरमधून निघताच ते शक्य तितके सरळ वर जावे, कारण तापलेले वायू वर चढतात व त्यांच्या चढण्यानेच ओढ निर्माण होते. वळणे थोडी असावीत. आडवा भाग आखूड ठेवून त्याला दर मीटरमागे निदान दोन सेंटिमीटर चढ द्यावा. बाहेरचे तोंड उघड्या हवेत, खिडक्यांपासून दूर असावे. त्यावर पाऊस व पक्षी यांना अडविणारी टोपी असावी. इमारतीच्या अरुंद, बंद पोकळीत धूर सोडणे म्हणजे तो शेजाऱ्याच्या घरात पाठविणे होय. शिवाय जळणाऱ्या गॅसला हवा मिळावी म्हणून गीझरच्या जागी एक झरोका जमिनीलगत व एक छताजवळ असावा. रायपुरात उन्हाळ्यात कूलरसाठी मोकळी ठेवलेली खिडकी थंडी सुरू होताच पुठ्ठ्याने बंद केली जाते, आणि गीझरचा उपयोगही नेमका तेव्हाच सुरू होतो, हे विसरू नये.

हवा बाहेर फेकणारा पंखा धुराड्याची जागा घेऊ शकत नाही. उलट, बंद घरात तो हवा बाहेर ओढतो, तेव्हा तिची भरपाई करण्यासाठी धुराड्यातूनच हवा उलट आत येते आणि धूरही परततो. याची परीक्षा सोपी आहे. दारे-खिडक्या लावून, पंखा सुरू करून गीझर काही मिनिटे चालवावा आणि धुराड्याच्या तळाशी असलेल्या फटीजवळ पेटलेली उदबत्ती धरावी. तिचा धूर आत ओढला गेला तर ओढ ठीक आहे. तो बाहेर फेकला गेला तर गीझर तत्काळ बंद करावा. ज्योत पिवळी दिसणे किंवा काजळी धरणे हीही बिघाडाची खूण आहे; मात्र निळी ज्योत ही सुरक्षिततेची हमी नव्हे.

जेथे गीझर आतच आहे, तेथे तो हलविला जाईपर्यंत एक नियम पाळावा: दार उघडे ठेवून बादली भरावी, गीझर बंद करावा, हवा खेळू द्यावी आणि मगच स्नानाला जावे. पंधरा लिटरची बादली अडीच मिनिटांत भरते. जुन्या बादली-तांब्याच्या स्नानाचा हा मोठाच लाभ आहे.

न्हाणीघरात डोके दुखणे, भोवळ, मळमळ, गुडघ्यांतील बळ जाणे ही लक्षणे उपवासाची किंवा अशक्तपणाची म्हणून सोडून देऊ नयेत. गीझरमुळे न्हाणीघरात बेशुद्ध पडलेले अनेक रुग्ण अपस्माराचे समजले गेल्याची नोंद भारतीय वैद्यकात आहे. अशा वेळी दार उघडून रुग्णाला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. विषारी वायू चिकटलेले रक्तही त्याला प्राणवायूने भरलेले वाटते आणि आकडा चांगला दिसतो. साध्या हवेत हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात. शुद्ध प्राणवायू दिल्यास तास-दीड तास पुरतो. म्हणून रुग्ण शुद्धीवर आला तरी त्याला रुग्णालयात नेणे आवश्यक असते.

बंब बसविताना धूर कोठून जाईल, हा प्रश्न आधी विचारला जाई आणि पाणी नंतर तापे. गीझर बसविणाऱ्यालाही तोच प्रश्न त्याच क्रमाने विचारला पाहिजे.