सकाळी ‘स्लो’ न धरणारी जुनी गाडी

सकाळची पहिली काही मिनिटं गाडी थरथरते, गल्लीच्या तोंडाशी बंद पडते, पुन्हा सेल्फ मारावा लागतो. तीच गाडी दुपारी गॅरेजमध्ये नेली की गुणी बाळासारखी चालते. मेकॅनिक बॉनेट उघडतो, रेस देऊन पाहतो आणि ‘काही नाही, स्लो जरा वाढवून देतो’ म्हणत स्क्रू पिळतो. जुन्या पेट्रोल गाड्यांच्या या दुखण्याबद्दलचे बरेचसे गैरसमज इथेच तयार होतात. बिघाड दिसतो थंड इंजिनात आणि शोधला जातो गरम इंजिनात. घरापासून गॅरेजपर्यंत गाडी चालवत नेली की पुरावा वाटेतच नाहीसा होतो. त्यामुळे पहिलं काम एकच: गाडी आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये सोडायची आणि सकाळचा पहिला सेल्फ मेकॅनिकला मारायला सांगायचा. याला पैसे पडत नाहीत, म्हणूनच बहुधा कोणी सुचवत नाही.

‘हा थंडीचा त्रास आहे, मार्चमध्ये जाईल.’ निफाडच्या जानेवारीत हे पटण्यासारखं वाटतं. पण इंजिन ज्या तापमानाला नीट चालतं ते साधारण 90 अंश सेल्सिअस. मे महिन्यातल्या मुंबईत पहाटे 28 अंश असले, तरी इंजिन त्यापासून साठ-एक अंश दूरच असतं. पेट्रोल द्रवरूपात जळत नाही. त्याची वाफ जळते. थंड इंजिनात पेट्रोलमधले हलके घटक तेवढे उडतात, जड घटक मॅनिफोल्डच्या भिंतींना चिकटून राहतात. गरम इंजिनाला 1 किलो पेट्रोलमागे सुमारे 14.7 किलो हवा लागते. थंडपणी पुरेशी वाफ मिळावी म्हणून याच हवेत पेट्रोल बरंच जास्त सोडावं लागतं. ते जास्तीचं पेट्रोल आलं नाही, किंवा कुठून तरी जादा हवा शिरली, की स्लो बसत नाही. हिवाळ्यात बॅटरीचा जोर कमी होतो, ऑइल घट्ट होतं, म्हणून आधीपासून असलेला दोष तेव्हा उघडा पडतो इतकंच.

कार्बोरेटरच्या मारुती 800 मध्ये हे जादा पेट्रोल देण्याचं काम चोक करतो. चोकची पट्टी हवेची वाट अडवते, त्यामुळे जेटमधून पेट्रोल जास्त ओढलं जातं. ‘चोक पूर्ण ओढला, तरी गाडी धरत नाही, म्हणजे कार्बोरेटर गेला’ हा निष्कर्ष फार घाईचा. वर्षानुवर्षांच्या ओढाताणीने केबल सैल होते. हातातली नॉब पूर्ण बाहेर येते आणि आतली पट्टी अर्धीच मिटते. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टरचं झाकण काढा, एकाला नॉब ओढायला सांगा आणि डोळ्यांनी पाहा. पट्टी पूर्ण मिटली पाहिजे आणि नॉब आत ढकलल्यावर पूर्ण उघडलीही पाहिजे. कार्बोरेटर उघडायचा की नाही हे त्यानंतर.

आता पायाची सवय. चावी फिरवण्याआधी अॅक्सिलरेटर चार-सहा वेळा दाबायचा, ही कार्बोरेटरच्या काळातली शिकवण. तिथे प्रत्येक दाबाला छोटा पंप कच्च्या पेट्रोलची पिचकारी मारतो. एक-दोन दाब कामाचे, पुढचे प्लग भिजवणारे. एमपीएफआय, म्हणजे इंजेक्शनच्या, गाडीत मात्र पायाखाली फक्त हवेचं दार असतं. पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ठरवतो, त्यामुळे पंप करून पदरात काही पडत नाही. अशा गाडीत चावी ‘ऑन’ करून दोन सेकंद थांबावं. असं दोनदा ‘ऑन-ऑफ’ केल्यावरच गाडी लगेच सुरू होत असेल, तर रात्रभरात पाइपमधला पेट्रोलचा दाब उतरतोय असा संशय घ्यावा: पंपातली गळकी झडप किंवा गळका इंजेक्टर.

एमपीएफआय गाड्यांत सगळ्यात जास्त फसवणारा भाग म्हणजे कूलंटचं तापमान सांगणारा सेन्सर. लोक म्हणतात, ‘इंजिनचा दिवा लागत नाही, मग सेन्सर ठीकच असणार.’ तसं नाही. सेन्सर पूर्ण तुटला तर दिवा लागतो. पण तो थोडा खोटं बोलू लागला, तर त्याचं सांगणं ईसीयूला शक्य कोटीतलंच वाटतं. इंजिन 15 अंशांवर असताना सेन्सर 60 सांगत असेल, तर ईसीयू जादा पेट्रोल देतच नाही. गाडी थंडपणी अडखळते आणि गरम झाली की सुतासारखी सरळ, कारण तेव्हा सेन्सरचं सांगणं आणि वस्तुस्थिती जुळलेली असते. डॅशबोर्डवरचा काटा बरोबर आहे म्हणूनही निर्धास्त राहू नये. बऱ्याच जुन्या गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो.

तपासणी सोपी आहे. रात्रभर उभ्या गाडीला सेल्फ मारण्याआधी स्कॅनर लावा. कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळपास सारखं, म्हणजे बाहेरच्या हवेइतकं दिसलं पाहिजे. स्कॅनर बसत नसेल, तर मल्टिमीटरने रोध मोजा. हे सेन्सर गरम होताना रोध कमी करतात: बहुतेकांचा 20 अंशांना दोन ते तीन हजार ओहम, 90च्या आसपास दोन-तीनशे. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये पाहावा.

स्लो वाढवणारा स्क्रू हा इलाज नव्हे. कार्बोरेटरमध्ये त्याने निदान फारसं बिघडत नाही. गरम झाल्यावर गाडी उगाच भरभरते, एवढंच. एमपीएफआयमध्ये थ्रॉटलचा तो स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो. तो हलवला की काही गाड्यांत ईसीयूला पाय अॅक्सिलरेटरवर आहे असं वाटतं आणि तो स्लो सांभाळणंच सोडून देतो. खरी गरज बहुधा थ्रॉटल बॉडी आणि आयडल वाल्व्हवरचा कार्बन काढण्याची असते. उलट तक्रारही येते: ‘सुरू केल्यावर गाडी जास्त फिरते.’ थंड इंजिन 1200 ते 1500 फेऱ्यांवर चालून हळूहळू 800-900 वर उतरत असेल, तर तो दोष नाही. तशीच रचना आहे.

कडक झालेले रबरी व्हॅक्युम पाइप सकाळी हवा घेतात आणि गरम होऊन मऊ पडले की काही अंशी बंद होतात. सांध्यांवर कार्ब क्लीनर मारून आवाज बदलतो का पाहण्याची पद्धत सर्रास आहे, पण तो फवारा पेट घेतो. फवारणीच्या बाटलीतलं पाणी वायर आणि प्लग टाळून वापरलं तरी गळती बऱ्याचदा कळते.

पांढरा धूर दिसला की ‘हेड गॅस्केट गेलं’ असं कोणीतरी म्हणतंच. 1 लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. थंड सायलेन्सरमधून त्याची वाफ दिसणारच. गरम झाल्यावरही धूर राहिला आणि कूलंट घटत गेलं, तरच काळजी करावी. निळसर धूर ऑइलचा, काळा जास्तीच्या पेट्रोलचा.

दहा मिनिटं उभ्याने गाडी तापवणं हाही जुना संस्कार. जादा पेट्रोल त्या काळात सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरत असतं. अर्ध्या मिनिटानंतर सावकाश चालवायला घेतलं, तर इंजिन लवकर तापतं. कार्बोरेटरच्या गाडीला थोडा जास्त वेळ आणि अर्धा चोक द्यावा.

ई20 पेट्रोलला सरसकट दोष देणंही बरोबर नाही, पण त्यात तथ्य मात्र आहे. इथेनॉलला हवा कमी लागते. 20 टक्के मिश्रणासाठी ते प्रमाण 14.7 वरून 13.5 च्या आसपास येतं. कार्बोरेटरची जेट जुन्या पेट्रोलसाठी कोरलेली, त्यामुळे मिश्रण पातळ पडतं. शिवाय इथेनॉल उडताना उष्णता पेट्रोलच्या दुपटीहून जास्त खेचतं. म्हणजे जिथे काठावर चाललं होतं, तिथे आता अडतं. इंधन बदलण्याच्या आधीपासूनचा त्रास असेल, तर कारण दुसरीकडे शोधावं.

सीएनजी किट बसवलेल्या जुन्या गाड्यांत आणखी एक गोष्ट पाहावी. ‘आपली गाडी सीएनजीवर चालते, पेट्रोलचा काय संबंध?’ बऱ्याच गाड्या सुरू पेट्रोलवरच होतात आणि रिड्यूसर पुरेसा तापल्यावर गॅसवर जातात. टाकीत महिनोन्महिने पडलेल्या पेट्रोलमधले हलके घटक तोवर उडून गेलेले असतात. नेमके तेच सकाळी लागतात. आधी ताजं पेट्रोल भरा, एक दिवस गाडी फक्त पेट्रोलवर चालवा आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा सेल्फ मारून पाहा. प्लग, कॉइल, सेन्सर यांची खरेदी त्यानंतर.