जपसंख्या व गुणक

मंत्रजपाची विहित संख्या आणि स्थान, माला, उच्चारपद्धती इत्यादींमुळे जपाचे फल ज्या पटीने वाढते असे ग्रंथांत म्हटले आहे ती पट, यांविषयीचे नियम. मंत्र सिद्ध होण्यासाठी ठराविक संख्येचा जप त्याच्या अंगांसह करणे यास ‘पुरश्चरण’ म्हणतात [⟶ मंत्र]. पुरश्चरण करणाऱ्यापुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो : ग्रंथोक्त गुणक एकमेकांशी गुणावयाचे, एकमेकांत मिळवावयाचे, की विहित संख्येला ते मुळी लागूच होत नाहीत?

पुरश्चरणाची पाच अंगे मानली जातात : जप, होम, तर्पण, मार्जन व ब्राह्मणभोजन. जपाच्या दशांशाने होम, होमाच्या दशांशाने तर्पण, याप्रमाणे प्रत्येक अंगाची संख्या मागील अंगाच्या एक दशांश असते. मंत्राच्या प्रत्येक अक्षराला एक लक्ष जप, या हिशेबाने चोवीस अक्षरी गायत्रीचे पुरश्चरण २४ लक्ष जपांचे होते. त्यास २,४०,००० आहुती, २४,००० तर्पणे, २,४०० मार्जने आणि २४० ब्राह्मणांस भोजन, असा विस्तार येतो.

यातील काही गुणक प्रत्यक्ष संख्येवर चालतात. होम करणे अशक्य असल्यास त्याऐवजी अधिक जप करावा, असा पर्याय आहे. हा अधिक जप होमसंख्येच्या दुप्पट ते चौपट सांगितलेला आढळतो. याबाबत वचनांत एकवाक्यता नाही. दुप्पट धरल्यास गायत्री पुरश्चरणात ४,८०,००० जप वाढतो आणि एकूण जप २८,८०,००० होतो. दुप्पट होते ती होमाची संख्या, मूळ जपाची नव्हे. हा भेद लक्षात न घेतल्यास हिशेब भलतीकडेच जातो. कलियुगात मूळ संख्येच्या चौपट जप करावा, असेही वचन तंत्रनिबंधांत येते. ते मुळाशीच लागू केल्यास जप ९६ लक्ष होईल आणि इतर अंगे त्याचे दशांश असल्यामुळे तीही आपोआप चौपट होतील. व्यवहारात गायत्री पुरश्चरण २४ लक्षांचेच रूढ आहे.

दुसऱ्या वर्गातील गुणक फलाचे आहेत. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायानुसार विधियज्ञापेक्षा जपयज्ञ दसपट, उपांशु (जवळच्यालाही ऐकू न येणारा) जप शंभरपट व मानस जप हजारपट श्रेष्ठ होय. शंभर व हजार या पटी विधियज्ञाच्या मानाने घेतल्यास मानस जप वाचिक जपाच्या शंभरपट ठरतो. वाचिक जपाच्या मानाने घेतल्यास हजारपट. पट कशाची, हे ठरल्याखेरीज गुणकाला अर्थ उरत नाही. लिंगपुराणाच्या पूर्वार्धात (अध्याय ८५) घरातील जप एकपट, गोठ्यातील शंभरपट, नदीवरील लक्षपट, तर शिवसन्निध जप अनंतपट म्हटला आहे. तेथेच गणनेच्या साधनांचीही चढती श्रेणी आहे : बोटांनी एकपट, बोटांच्या रेषांनी आठपट, पोवळ्यांनी हजारपट, मोत्यांनी लक्षपट, रुद्राक्षांनी अनंतपट.

हे गुणक परस्परांशी गुणले, तर नदीकाठी मोत्यांच्या माळेवर केलेला एक जप हजार कोटी जपांच्या बरोबरीचा होईल आणि २४ लक्षांचे पुरश्चरण पहिला मणी ओढताच संपेल. अनुष्ठानाची परंपरा हे गणित स्वीकारीत नाही. त्याची उपपत्ती पूर्वमीमांसेत सापडते. द्रव्य, संस्कार व अंगभूत कर्म यांच्यासंबंधी सांगितलेले फल हे त्यांचे स्वतंत्र फल नसून अर्थवाद, म्हणजे स्तुती होय, असे जैमिनीने चौथ्या अध्यायात म्हटले आहे. माला हे द्रव्य व स्थान हे अंग मानल्यास त्यांच्या पटी प्रशंसापर ठरतात. साधकाने रुद्राक्ष घ्यावा, शिवालयात बसावे, एवढाच त्यांचा विधिपर अर्थ उरतो. शिवाय बाराव्या अध्यायातील न्यायानुसार एकच प्रयोजन असलेल्या गोष्टींचा विकल्प होतो, समुच्चय नाही. म्हणून दोन प्रकारच्या माळांची फले एकत्र करण्याचा प्रश्नच येत नाही.

गुणकांच्या संयोगाचा हाच प्रश्न आधुनिक काळात एका अगदी निराळ्या क्षेत्रात, बैठ्या भूमिकाक्रीडांत, उद्भवला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात खेळाडू काल्पनिक पात्रांच्या भूमिका घेतात व जादूच्या मंत्रांचा परिणाम फाशांनी ठरवितात. त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत (२०००) असा नियम आला, की दुप्पट व दुप्पट मिळून चौपट नव्हे, तर तिप्पट. कारण प्रत्येक पुढील गुणक एकने कमी करून मिळवावयाचा. वजन व अंतर यांसारख्या प्रत्यक्ष राशींना मात्र नेहमीचा गुणाकार लागतो. एकाच जातीच्या दोन वाढी एकत्र होत नाहीत, मोठी तेवढी धरतात; याला थोडे अपवाद आहेत. दहा षट्फलक फाशांच्या अग्निगोलाला ‘कमाल परिणाम’ व ‘दीडपट’ असे दोन्ही संस्कार केल्यास ६० ची दीडपट ९० होत नाही. कमाल ६० मध्ये फासे प्रत्यक्ष टाकून आलेल्या बेरजेचे निम्मे मिळवितात. सरासरीने ही बेरीज ३५ असल्यामुळे एकूण परिणाम सु. ७७ येतो. खेळाचा तोल राखण्यासाठी हे बंधन आवश्यक ठरले. मीमांसकांचा हेतू अर्थातच वेगळा होता. तथापि एकार्थ गोष्टींचा समुच्चय नाही, या नियमापाशी दोन्हीकडची माणसे पोहोचली, हे लक्षणीय आहे.

ग्रहणकालीन पुरश्चरण हा गुणकाचा प्रकार समजला जातो, पण तो तसा नाही. काशिनाथ उपाध्याय यांनी पंढरपूर येथे रचलेल्या धर्मसिंधूत (१७९०) या पुरश्चरणाचा विचार आहे. त्यात स्पर्शापासून मोक्षापर्यंत जप करावयाचा असतो आणि झालेल्या जपाच्या दशांशाने होमादी अंगे करावयाची असतात. येथे जपाची पट वाढत नाही. संख्येची जागा कालमर्यादा घेते.

महाराष्ट्रात संख्यानिष्ठ जपाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण समर्थ रामदासांचे. त्यांनी नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षे राहून त्रयोदशाक्षरी राममंत्राचा तेरा कोटी जप केला, असे परंपरा सांगते. म्हणजे रोज सु. २९,७०० जप, प्रत्येकास दोन सेकंद धरले तरी रोज साडेसोळा तास लागतात. मानस जपाची हजारपट लावून हीच संख्या १,३०,००० वर आणता आली असती, परंतु परंपरा तसे करीत नाही. या तपाचे मोल तिच्या दृष्टीने प्रत्येक आवृत्ती मोजण्यातच आहे. तेरा कोटींचा संकल्प पुढे सामुदायिक रीतीनेही होऊ लागला. त्यात अनेकांच्या जपांची केवळ बेरीज करतात. कोणी मंदिरात बसला वा घरी, याची पट लावली जात नाही. वऱ्हाडातील गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहांत तर वारकरी नामाची संख्याच ठेवीत नाहीत. तेथे मोजला जातो तो काळ, सात दिवसांचा.

गुणक वाढविण्याकडे नव्हे, तर कमी धरण्याकडेच प्रत्यक्ष गणनेचा कल असतो. माळेत मणी १०८ असले, तरी जप १०० च मोजण्याची रीत आहे. उरलेले आठ उच्चारातील व लक्षातील चुकांसाठी सोडून देतात. त्यामुळे २४ लक्षांसाठी २४,००० माळा ओढाव्या लागतात आणि प्रत्यक्ष उच्चार २५,९२,००० होतात.