रजा न मिळालेली भिंत

कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या नगरच्या रस्त्यावर, सह्याद्रीची भिंत जवळ येऊ लागली म्हणजे मुरबाड तालुक्यातील टोकावडे हे गाव लागते. पुढे वैशाखरे, आणि त्याच्या माथ्यावर नाणेघाट; सातवाहनांच्या काळी कल्याण आणि सोपारा या बंदरांतून माल याच वाटेने जुन्नरला चढत असे, आणि घाटात कातळ खोदून केलेली त्या काळची पाण्याची टाकी प्रवाशाला आजही दिसतात. या टाक्यांची तपासणी करावयास कोणी अंमलदार जात नाही, आणि त्याची फारशी गरजही नाही. कारण ज्या वस्तूला सांधा नाही तिला गळतीचे भय थोडे. मनुष्य दगडावर दगड रचून पाणी अडवू लागला तेव्हा सांधा आला, आणि सांध्याच्या पाठोपाठ त्याची नोंदवही आली.

अशा सांध्यांचा एक अवाढव्य समुच्चय पाहण्याची इच्छा असेल, तर टोकावड्याहून सरळगावपर्यंत मागे येऊन किन्हवलीच्या वाटेने शहापूर गाठावे, आणि आटगावाहून सागाच्या रानात शिरावे. हे रान म्हणजे तानसा अभयारण्य, आणि त्याच्या पोटात मुंबई महानगरपालिकेच्या मालकीचा तानसा जलाशय. वज्रेश्वरीच्या उष्णोदकाच्या कुंडांपाशी यात्रेकरूंना जी तानसा नदी भेटते, तीच येथे वरच्या अंगाला अडविलेली आहे. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव मुंबईची तहान भागविण्यास अपुरे पडणार, हे ओळखून मेजर टुलॉक या अधिकाऱ्याने या दूरच्या नदीकडे बोट दाखविले होते. प्रत्यक्ष बांधकाम क्लार्क या अभियंत्याच्या देखरेखीखाली होऊन १८९२ मध्ये पाणी मुंबईस पोहोचले, आणि योजनेचे पुढील टप्पे १९४८ पर्यंत चालू राहिले. चुन्यात बांधलेली ही दगडी भिंत सुमारे २.८ किलोमीटर लांब आणि ४१ मीटर उंच आहे, आणि तिला ३८ दरवाजे आहेत. जलाशय १२८.६३ मीटर या पातळीला भरून वाहू लागतो. मौज अशी की, ही पातळी मुंबईच्या टाउन हॉलच्या नावाने चालत आलेल्या खुणेपासून मोजतात. पाणी शहापूरच्या रानातले आणि मोजपट्टी मुंबईची, ही व्यवस्था त्या काळच्या दप्तराला साजेशीच म्हणावयाची.

धरणाकडे पाहणारा सामान्य प्रवासी सांडव्यावरून कोसळणारे पाणी पाहून तृप्त होतो. परंतु ज्याच्याकडे भिंतीची जबाबदारी असते त्याचे लक्ष वेगळ्याच पाण्याकडे लागलेले असते. पावसाळ्यापूर्वी एकदा आणि पावसाळा सरल्यावर एकदा, अशी मोठ्या धरणांची दरसाल दोनदा तपासणी करण्याचा जो प्रघात आहे, आणि ज्याला २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने सक्तीचे रूप दिले, त्या तपासणीत भिंतीच्या कोरड्या अंगावर कोठे ओल आली, झिरपणारे पाणी गतसालापेक्षा वाढले की घटले, आणि ते नितळ आहे की गढूळ, हे पाहावे लागते. दगडाच्या दर्शनी भागावर पांढरा ओघळ दिसला, तर पाण्याने आतला चुना विरघळवून बाहेर आणला असे समजावे. सांध्यात रुजलेले पिंपळाचे इवलेसे रोपही गोंडस मानून चालत नाही. त्याचे मूळ जेथे शिरते तेथे पुढे पाणीही शिरते. मग दरजा खरवडून नव्याने भरणे, भिंतीत छिद्रे पाडून सिमेंटचे पातळ कालवण दाबाने आत सोडणे, दरवाजांच्या पट्ट्या बदलणे, असा हा न संपणारा व्याप असतो.

मुंबईच्या बंदरातील दगडी कामाशी ताडून पाहिले म्हणजे या भिंतीची खरी अडचण कळते. १८१० मध्ये पुरी झालेली डंकन गोदी ही सुकी गोदी आहे. दार लावून पाणी उपसले की तिचा तळ आणि भिंती कारागिराच्या हाताखाली कोरड्या येतात. धरणाला ही सवलत नाही. ज्या तळ्यावर महानगराचे नळ अवलंबून आहेत ते दुरुस्तीसाठी रिकामे कोण करील? डंकन गोदीला अधूनमधून रजा मिळते. तानशाच्या भिंतीला १८९२ पासून ती मिळालेली नाही. पाण्याखालचे अंग पाहावयाचे तर पाणबुडे उतरवावे लागतात, नाहीतर पाणी आपण होऊन खाली जाण्याची वाट पाहावी लागते.

ही काळजी ज्याला वाजवीपेक्षा जास्त वाटत असेल त्याने दोन उदाहरणे ध्यानात घ्यावीत. तानसा पुरे होऊन तीन वर्षे होतात न होतात तोच, २७ एप्रिल १८९५ रोजी फ्रान्समधील बुझे येथील दगडी धरण फुटले आणि ऐंशीहून अधिक माणसे प्राणास मुकली. सांध्यात आणि पायाखाली शिरलेले पाणी भिंतीला खालून वर उचलू पाहते, ही गोष्ट त्या अपघाताने जगभरच्या अभियंत्यांच्या मनावर ठसली; तानशाची आखणी मात्र तोवर होऊन चुकली होती. आपल्याकडे, सह्याद्रीच्या पलीकडच्या अंगास, १९२६ मध्ये पुऱ्या झालेल्या भंडारदऱ्याच्या भिंतीतून १९६९ मध्ये चिंताजनक गळती सुरू झाली, तेव्हा तिला मागून धिरे देऊन आणि पोलादी तारांनी खडकाशी जखडून सावरावे लागले. जुन्या दगडी धरणाला केवळ वयाचा मान देऊन चालत नाही, ही शिकवण महाराष्ट्राच्या पाटबंधारे खात्याने अशी घरच्याच अनुभवातून घेतली आहे.

पाणी आपण होऊन खाली जाण्याचे दिवस म्हणजे वैशाख आणि ज्येष्ठाचा आरंभ. तेव्हा भिंतीचे एरवी न दिसणारे अंग उघडे पडते, दगडांवर उतरत्या पाण्याच्या आडव्या रेघा उमटतात, आणि तपासनिसाला तिच्या जवळ जाऊन सांधा न् सांधा पाहता येतो. परंतु हाच तो हंगाम, की ज्यात शहापूर तालुक्याच्या पाड्यांवरील विहिरी तळ गाठतात आणि टँकरची वाट पाहत हंड्यांच्या रांगा लागतात. टोकावड्याकडच्या डोंगरपट्टीतील वाड्यांनाही ही अवस्था परकी नाही. तानसा, मोडकसागर, भातसा अशा जलाशयांच्या सान्निध्यात राहणाऱ्या माणसाने पाण्यासाठी टँकरकडे पाहावे, या विसंगतीचा उच्चार आजवर इतक्या वेळा झाला आहे की तिच्यातील विलक्षणपणाच हरपला. भिंतीतून किती पाणी झिरपते याचा हिशेब मिनिटा-लिटरांनी राखला जातो. पाड्यावरचा हिशेब टँकरच्या खेपांनी होतो.

तानशाला जाण्याचा ज्याचा मनसुबा असेल त्याने श्रावणाची वाट न पाहता मे महिन्याच्या अखेरीस जावे. भिंतीवर परवानगीवाचून चढू देत नाहीत, तेव्हा तिची उघडी बाजू लांबून पाहूनच समाधान मानावे लागेल. आटगावच्या वाटेवर पिण्याचे पाणी सोबत असू द्यावे.