एसी घ्यायचा तर शोरूममध्ये जावं का?

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. एसीची क्षमता मात्र बाहेर ३५ अंश तापमान धरून मोजलेली असते. त्यामुळे दीड टनाचं यंत्र ऐन उन्हाळ्यात तेवढा गारवा देत नाही. अमरावती-अकोल्यातल्या मोठ्या शोरूमची पायरी चढण्याचं माझ्या मते हेच खरं कारण. खोलीचं माप, वर गच्ची आहे का, पश्चिमेची भिंत किती तापते, हे सांगून कोणतं मॉडेल ४६ अंशांना किती थंड करेल, ते समोरासमोर विचारता येतं. उत्तर तोंडी नको. कंपनीच्या माहितीपत्रकात दाखवायला सांगा.

मोबाइल, इअरफोनसाठी तिथवर जाण्याची गरज फारशी उरलेली नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तो दुकानात आणि ऑनलाइन सारखाच. ऑनलाइन भाव दाखवून बोलणी करा. जादा तांब्याची नळी, स्टँड, बसवणी धरून एकूण रक्कम लिहून घ्या. पक्कं बिल घ्याच. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ऑनलाइन खरेदीचीही तक्रार आपल्याच जिल्हा आयोगात करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.