पत्र तिनं लिहिलं, जागाही तिनंच ठरवली

पडद्यावरचा आवडता प्रेमप्रसंग कोणता, असं विचारलं की कुणी छत्रीखालचे राज कपूर-नर्गिस सांगतो, कुणी 'सैराट'मधली विहीर. वऱ्हाडातल्या माणसानं मात्र आधी सिनेमाच्या हजारएक वर्षं मागं जावं. सिनेमाला पुढं जे जे लागणार होतं, ते बहुतेक सगळं तिथं तयार आहे.

विदर्भाचा राजा भीष्मक. राजधानी कौंडिण्यपूर, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठावर. त्याच्या मुलीचं लग्न भावानं शिशुपालाशी ठरवलं. रुक्मिणी रडत बसली नाही, तिनं द्वारकेला कृष्णाकडे निरोप धाडला. भागवताच्या दहाव्या स्कंधात हे पत्र सात श्लोकांचं आहे. शेवटाकडे येता येता ते प्रेमपत्र राहत नाही, चक्क पटकथा होतं. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे कुलदेवीची यात्रा असते, नवरी गावाबाहेरच्या देवळात जाते, तिथं ये आणि मला घेऊन जा. दिवस, ठिकाण, पळून जायची संधी, सगळं तिनंच ठरवून दिलंय. हे देऊळ म्हणजे आपली अंबादेवीच, अशी अमरावतीकरांची श्रद्धा आहे.

खरी कमाल पुढच्या अध्यायात आहे. रुक्मिणी देवळातून बाहेर पडते. भोवती सैनिक, समोर राजांची रांग. ती मुद्दाम सावकाश चालते, कारण तिला वाट पाहायची आहे. तिच्याकडे पाहून शूरवीरांच्या हातातली शस्त्रं गळतात, कुणी घोड्यावरून, कुणी हत्तीवरून खाली घसरतो. आणि मग ती डाव्या हाताच्या नखांनी कपाळावरच्या बटा बाजूला सारते, तिरप्या नजरेनं एकेका राजाकडे पाहत जाते, आणि तो दिसतो. बटा, नख, नजर, तो. कॅमेरा कुणाच्या स्वप्नातही नव्हता तेव्हा कवीनं क्लोजअप लावला, गर्दीची प्रतिक्रिया टिपली आणि नेमक्या जागी कट मारला!

हा कट काय जादू करतो, ते कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव्ह यानं १९२० च्या आसपास एक प्रयोग केला. एका नटाचा निर्विकार चेहरा त्यानं आधी सूपच्या वाटीला जोडला, मग शवपेटीला, मग एका सुंदर स्त्रीला. चेहरा तोच होता, पण लोकांना त्यात भूक दिसली, शोक दिसला, वासना दिसली. नटानं काहीच केलं नव्हतं. दोन चित्रांच्या मधली भावना प्रेक्षकानं स्वतःच्या पदरची घातली होती.

आता 'मुघल-ए-आझम' (१९६०) मधला पिसाचा प्रसंग आठवून पाहा. रात्र, बाग, दूर तानसेन गातोय, आणि सलीम एक पांढरं पीस अनारकलीच्या चेहऱ्यावरून फिरवतोय. बस्स, एवढंच. तरी हिंदी पडद्यावरचा सगळ्यात उत्कट शृंगार म्हणून आजही लोक याच प्रसंगाचं नाव घेतात. तानसेनचा आवाज बडे गुलाम अली खाँसाहेबांचा, राग सोहनी, उत्तररात्रीचा. स्वर वरच्या सप्तकात चढत राहतो आणि पीस मात्र सावकाश चालतं. कान धावतात, डोळे थांबतात, आणि या ओढाताणीत जीव कासावीस होतो. चेहऱ्यांच्या मध्ये पीस येतं तेव्हा नेमकं पाहायचं तेच झाकलं जातं. मग जे दिसत नाही ते पूर्ण करायचं काम आपल्याकडे येतं, आणि आपण ते मोठ्या हौसेनं करतो.

आता थक्क करणारी गोष्ट ऐका. दिलीपकुमार यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की हा प्रसंग चित्रित झाला तेव्हा त्यांचं आणि मधुबालाचं बोलणं पूर्ण बंद होतं, एकमेकांना साधा नमस्कारही होत नव्हता. मग पडद्यावर दिसतं ते प्रेम आलं कुठून? काही अभिनयातून, काही सोहनीतून, काही उजेडातून आणि उरलेलं आपल्याकडून.

'आराधना' (१९६९) मधलं शेकोटीचं गाणं याच्या अगदी उलट्या वाटेनं जातं. तिथं कटच नाही. पावसात भिजलेले दोघं, खोलीत आग, आणि अख्खं गाणं शक्ती सामंतांनी एका सलग शॉटमध्ये घेतलेलं. राजेश खन्ना आणि शर्मिला टागोर ओठ हलवत नाहीत, गाणं शेजारच्या खोलीतून येतं. कट म्हणजे प्रेक्षकाला श्वास घ्यायची फट असते. ती फटच बुजवली की आपणही त्या खोलीत अडकतो. कॅमेरा आगीभोवती फिरतो, अंतर कमी होत जातं आणि सुटायला वाट राहत नाही. इथं पुढाकार त्याचा आहे आणि त्याची किंमत पुढं सिनेमाभर ती मोजते, हेही विसरू नये.

चुंबनाचं काय, असं कुणी विचारेलच. १९३३ च्या 'कर्मा'मधल्या देविकाराणी आणि हिमांशू राय यांच्या चुंबनाची ख्याती 'चार मिनिटांचं' अशी आहे. प्रत्यक्षात ते त्याहून पुष्कळ लहान आहे. आणि प्रसंगही लोक समजतात तसा नाही. नाग चावून राजपुत्र बेशुद्ध पडलाय आणि त्याला जागं करायच्या आकांतानं ती त्याचं चुंबन घेतेय. म्हणजे भारतीय सिनेमातलं सगळ्यात गाजलेलं चुंबन एकतर्फी आहे आणि ते तिचं आहे! पुढं सेन्सॉरच्या धाकानं ओठांची जागा दोन फुलांनी घेतली. कथेची गरज असेल तर चुंबन दाखवायला हरकत नाही, असं न्यायमूर्ती खोसला समितीनं १९६९ मध्ये सांगितलं, तरी फुलं पुढं बरीच वर्षं डुलत राहिली.

मराठी पडदा तर याहून सोवळा. मग इथली आग गेली कुठं? ती गाण्यात गेली, आणि त्यातल्या धगधगत्या वाट्यावर अमरावतीचा शिक्का आहे. सुरेश भट १५ एप्रिल १९३२ रोजी अमरावतीत जन्मले. 'घरकुल' (१९७०) साठी त्यांनी लिहिलेलं मलमली तारुण्याचं गाणं सी. रामचंद्रांच्या चालीत आशा भोसले गातात, तेव्हा डोळे मिटूनही प्रसंग दिसतो. त्यात बोलणारी ती आहे. ती लाजत नाही, आडवळणं घेत नाही, स्वतःचं शरीर स्वतःच्या शब्दांत मांडते आणि त्याला जवळ बोलावते. घरातल्या रेडिओवर हे गाणं वाजलं आणि कुणी बंद केलं नाही. पडद्यावर जे दाखवलं असतं तर गहजब झाला असता, ते कानांनी निमूट स्वीकारलं.

वऱ्हाडात हे सगळं पोचायचं तेही एका अजब नकाशावरून. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा प्रांत १९५० मध्ये कागदावरून गेला, १९६० मध्ये अमरावती-अकोला महाराष्ट्रात आले, पण सिनेमाच्या धंद्यानं जुना नकाशा सोडलाच नाही. पुणं मुंबई सर्किटमध्ये, मराठवाडा 'निझाम'मध्ये आणि अमरावती-अकोला आजही 'सीपी-बेरार'मध्ये. राज्य एक, भाषा एक, पण प्रेमप्रसंगांचे हक्क विकले जातात ते वेगवेगळ्या खात्यांत.

'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी आला. अकोल्याचं ऊन त्या दिवसांत ४० अंशांच्या कितीतरी पुढं असतं. अशा तलखीत पडद्यावर भरलेली विहीर, तिच्यात पोहणारी आर्ची आणि तिला नुसतं पाहायला मिळावं म्हणून धावत येऊन पाण्यात उडी घेणारा परश्या. वर्गात मात्र ती त्याला रोखून पाहते आणि नजर खाली घालायची पाळी त्याच्यावर येते. बुलेट ती चालवते, ट्रॅक्टर ती चालवते. नागराज मंजुळेंनी वर्षानुवर्षांच्या सवयीची अदलाबदल केली, तो पाहणारा आणि ती पाहिली जाणारी हे उलटवलं. त्याच्या कितीतरी आधी जब्बार पटेलांच्या 'जैत रे जैत'मध्ये स्मिता पाटीलची चिंधी हेच करून बसली होती. नवरा सोडलेली, नाग्यावर उघड जीव टाकणारी आणि त्याची कुणाकडे माफी न मागणारी.

'असं काहून?' असं वऱ्हाडी माणूस विचारेल. प्रसंग तापतो तो कपडे किती कमी यावर नाही. पाहणारीनं स्वतः ठरवलंय का, यावर तापतो. जिथं ती नुसती सजवून ठेवलेली असते, तिथं पाऊस, आग, निळी साडी सगळं असूनही दृश्य तासाभरात विसरलं जातं. जिथं तिचा निर्णय दिसतो, तिथं एक पीस पुरतं.

खात्री करायची असेल तर आपला आवडता प्रसंग दोनदा पाहा. एकदा आवाज बंद करून, म्हणजे नजर कोण आधी उचलतं ते कळेल. दुसऱ्यांदा डोळे मिटून, म्हणजे संगीतानं किती काम केलंय ते कळेल. दोन्ही वेळा काहीच वाटलं नाही, तर तो प्रसंग खुशाल यादीतून काढून टाका.