सहाय्यक अभिनेत्री : रोहिणी हट्टंगडी

मार्च 1983 मध्ये लंडनला बाफ्टा पुरस्कार जाहीर झाले, तेव्हा सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार दोघींत विभागून दिला गेला. एक 'रेड्स'मधली मॉरीन स्टेपलटन, दुसऱ्या 'गांधी'तल्या रोहिणी हट्टंगडी. नामांकनात जेन फोंडा होती, 'गांधी'तलीच कँडिस बर्गन होती. ही विभागणी मला नेहमी विलक्षण वाटत आली आहे. दोघीही मुळात नाटकातल्या. स्टेपलटनला तर ब्रॉडवेवर 1951 सालीच टोनी पुरस्कार मिळाला होता. तिने पडद्यावर उभी केली एमा गोल्डमन आणि रोहिणीताईंनी कस्तुरबा. या दोन्ही स्त्रिया इतिहासातल्या, दोघींनी तुरुंग भोगलेला, आणि दोघींचं जन्मसालही एकच, 1869. एक लिथुआनियात जन्मून अमेरिकेतल्या सत्तेशी भांडली, दुसरी पोरबंदरात जन्मली. 114 वर्षांनी त्या एका बक्षिसात शेजारी येऊन बसल्या.

पुढच्याच महिन्यात, 11 एप्रिलला, ऑस्कर सोहळा झाला. 'गांधी'ला 11 नामांकनं आणि 8 पुरस्कार. त्यात आपल्या कोल्हापूरच्या भानू अथय्या होत्या, जॉन मोलो यांच्यासोबत वेशभूषेसाठी. म्हणजे कस्तुरबांच्या साड्यांना ऑस्कर मिळालं, पण त्या साड्या अंगावर वागवून पडद्यावर म्हातारी होत गेलेल्या अभिनेत्रीचं नाव नामांकनातही नव्हतं. आणि तेही 11 एप्रिलला, कस्तुरबांच्याच जन्मदिवशी. मला याची हळहळ आजही वाटते.

'गांधी' पुन्हा पाहिला, तेव्हा एकाच प्रसंगापाशी मी तीनतीनदा थांबलो. दक्षिण आफ्रिकेतला आश्रम. शौचकूप साफ करण्याची पाळी कस्तुरबांची आहे आणि त्या नकार देतात. संतापलेले गांधी त्यांचा दंड धरून त्यांना दाराकडे फरफटत नेतात. हा प्रसंग पटकथाकाराने मनाने रचलेला नाही. मूळ घटना डर्बनच्या घरातली, साधारण 1898 ची. आत्मकथेत गांधींनी ती स्वतःच्या अपराधाची कबुली म्हणून लिहिली आहे. चित्रपटाने ती आश्रमात नेली. बेन किंग्जलेचा आवाज चढलेला असताना रोहिणीताई काय करतात ते पाहावं. रडणं आहे, पण त्यात लाचारी नाही. मी जाऊ कुठे, हा प्रश्न त्या विचारतात तेव्हा लाज नवऱ्याला वाटावी, इतका तो सरळ येतो. मग गांधी खचून बसतात. आणि ही बाई डोळे पुसून उठते, त्यालाच धीर देते, नि ज्या कामावरून एवढं रामायण झालं त्या कामाला जाते. त्या उठण्यात हार आहे की क्षमा, हे ठरवता येत नाही. संवादांपेक्षा अधिक काही तिथे खांद्यांतून, पाठीतून कळतं.

हे अंग कुठून आलं? पुण्यात वाढलेली ही रोहिणी ओक दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेली. इब्राहिम अल्काझींच्या कडक शिस्तीत घडली आणि 1974 साली बाहेर पडली, ती सर्वोत्तम अभिनेत्री आणि सर्वोत्तम अष्टपैलू विद्यार्थिनी ठरून. तिथेच जयदेव हट्टंगडी भेटले. शिवराम कारंतांसोबत यक्षगान आणि शोझो सातो यांच्या हाताखाली काबुकी शैलीतलं 'इबारागी', ही दोन्ही पुरुषांनीच पिढ्यान्‌पिढ्या राखलेली रंगपरंपरा त्यांनी अंगात मुरवली. मुंबईत आल्यावर जयदेवांच्या दिग्दर्शनाखाली 'चांगुणा' केलं. ते लॉर्काच्या 'येर्मा'चं मराठी रूप. मूल नसलेल्या बाईची तगमग, आणि सगळं नाटक तिच्याच खांद्यावर.

रंगभूमीवर नाटक पेलणाऱ्या या बाईला सिनेमाने मात्र प्रत्येक वेळी एकच विशेषण लावलं, सहाय्यक. आपल्या भाषेत सहाय्यक म्हटलं की सहाय्यक अभियंता, सहाय्यक आयुक्त डोळ्यांपुढे येतो. कुणाच्या तरी हाताखालचा. 1984 चं फिल्मफेअर 'अर्थ'साठी मिळालं. त्यात त्या मोलकरीण आहेत. मुलीच्या शाळाप्रवेशासाठी पैपै साठवतात, दारुडा नवरा ते पैसे पळवतो आणि दुसऱ्या बाईवर उधळतो, नि त्या त्याचा जीव घेतात. नवऱ्याने सोडलेल्या नायिकेपुढे हा दुसरा, खालच्या मजल्यावरचा संसार ठेवला नसता, तर 'अर्थ'ला निम्माच अर्थ उरला असता. यात सहाय्य कोण कुणाला करतं?

राष्ट्रीय पुरस्काराची गोष्ट तर आणखी वेगळी. सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्री हा राष्ट्रीय पुरस्कारच 1984 च्या चित्रपटांपासून सुरू झाला, आणि पहिल्या मानकरी रोहिणीताई. चित्रपट गोविंद निहलानींचा 'पार्टी', महेश एलकुंचवारांच्या मराठी नाटकावरचा. भूमिका मोहिनी बर्वेची. मोठ्या कवीची सोबतीण, रंगभूमी सोडून दिलेली, आता हातात सतत ग्लास असलेली नटी. ज्या बाईने स्वतः नाटक कधी सोडलं नाही, तिला नाटक सोडलेल्या नटीची पोकळी इतकी अचूक सापडावी, हे मला पुरस्काराहून मोठं वाटतं.

त्याच वर्षी 'सारांश'मधली पार्वती आली. 28 वर्षांचे अनुपम खेर निवृत्त मास्तर झाले होते, फिल्मफेअर त्यांच्याकडे गेलं. ते योग्यच होतं. पण देवाधर्मावर, पुनर्जन्मावर आशा लावून बसलेली ती आई समोर नसती, तर मास्तरांचं कोरडं दुःख आदळलं असतं कशावर? कस्तुरबांनंतर म्हाताऱ्या बायका आणि आया यांची रांगच लागली. 'अग्निपथ'मध्ये तर वयाने मोठ्या अमिताभ बच्चन यांची आई. मांडव्याच्या मास्तरांची ही विधवा मुलाच्या पैशाकडे पाठ फिरवते, आणि त्याच ताठ मानेला 1991 चं फिल्मफेअर मिळालं. पुन्हा सहाय्यक म्हणूनच.

विशेषणाशिवायचा मोठा सन्मान आला तो नाटकाकडून. 2004 चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, नोंद फक्त 'अभिनय' अशी. 'अपराजिता' हा त्यांचा एकपात्री प्रयोग; सगळा रंगमंच एकटीचा.

दरम्यान 'चार दिवस सासूचे'च्या तीन हजारांवर भागांतून त्या घराघरांतल्या आशा देशमुख झाल्या होत्या. बाफ्टाला 40 वर्षं झाली त्या 2023 साली केदार शिंदेंचा 'बाईपण भारी देवा' आला. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र आलेल्या सहा बहिणी, त्यात थोरली जया म्हणजे रोहिणीताई. गावोगावच्या बायका नटूनथटून, घोळक्याने थिएटरात आल्या. आमच्या रांगेतल्या एका आजींनी शेवटच्या खेळाच्या वेळी चपला काढून खुर्चीखाली सारल्या, पदर खोचला, आणि बसल्या जागी पायांनी ताल धरला.